थोरलीची बाविसावी रांग

अक्षराबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि हातात पेन्सिलीपेक्षा सुईच जास्त राहिली. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी ते मला आजही अंदाजानेच कळतं. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "सुमनताई, तुम्ही फक्त लिहा, चुका मी बघते. आपल्या दिवाळीच्या हस्तलिखित अंकात मासे आणि आंबे सोडून कोणीतरी दुसरं काही लिहायला हवं." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुपारी जेवणं झाली की मागच्या पडवीत ही वही घेऊन बसते. कोणी आलं की वर सूप ठेवते. सुनेलाही सांगितलेलं नाही. बाईंना द्यायची की नाही ते लिहून झाल्यावर ठरवीन.

मी मुंबईला सत्तावीस वर्षं विमानांचे कपडे शिवले. लोक हसतात. विमानाला कसले कपडे, म्हणतात. पण तुम्ही विमानात बसता तेव्हा अंगाला लागतं ते सगळं कापडच असतं. खुर्चीचं कव्हर, डोक्यामागचा रुमाल, पुढच्या आणि मागच्या भागामधला पडदा, पायाखालचं जाजम. ते कोणीतरी मापून, कापून शिवलेलं असतं. आमच्या शिवणखात्यात आम्ही अकरा बायका होतो. सगळ्या ठेकेदाराच्या, कंपनीच्या कोणीच नाही. त्या ठेकेदारांना सगळे शेट म्हणत.

त्या सत्तावीस वर्षांतलं सगळं काही मी लिहिणार नाही. एका सुईबद्दल लिहिते. त्या सुईपायी मी सुटायच्या बेतात असलेलं एक विमान थांबवलं होतं. ते बरोबर केलं की उगाच एवढ्या लोकांना ताटकळत ठेवलं, हे मला पुढे चार वर्षं कळलं नाही.

आधी काम कसं असतं ते सांगायला हवं. आमचं कापड बाजारातलं चालत नसे. प्रत्येक ताग्यातली वीतभर पट्टी कापून उभी टांगायची आणि खालून ज्योत धरायची. ज्योत बाजूला घेतली की कापड आपोआप विझलं पाहिजे. नाही विझलं तर अख्खा तागा परत. दोराही तसाच, परीक्षा झालेला. शिवलेल्या प्रत्येक कव्हरच्या आत नंबराची छोटी पट्टी, म्हणजे कुठल्या ताग्यातलं कव्हर कुठल्या खुर्चीवर गेलं ते दहा वर्षांनीही सापडावं.

आणि सुया मोजलेल्या. खात्यात शिरताना दाराशी एक वाडगा असे. आपल्या बायकांच्या बांगड्यांत, मंगळसूत्रात सेफ्टी पिना असतातच. त्या सगळ्या, पेन असलं तर तेही, काढून वाडग्यात टाकायचं, घरी जाताना उचलायचं. विमानावर काम असलं की सुई भिंतीवरच्या फळीवरून घ्यायची. फळीवर प्रत्येक सुईची, कात्रीची आकृती काळ्या रंगाने काढलेली. सुई उचलली की तिच्या जागी आपल्या नंबराचा पितळी बिल्ला लावायचा. परत आलं की सुई जागेवर आणि बिल्ला गळ्यात. सुई तुटली तर दोन्ही तुकडे आणून, कागदावर जोडून दाखवायचे. एखादा बिल्ला फळीवर राहिला तर विमान हलत नाही, असा नियम.

मला हे काम जड गेलं नाही. माझे वडील देवगडला होड्यांची शिडं शिवत. लहानपणी मी त्यांच्यासमोर बसून मेण लावलेला दोरा ओवून द्यायची. शिडाचं कापड जाड, सुई लांब, तळहाताला चामड्याची पट्टी. त्यांचा टाका वाऱ्याने कधी उसवला नाही असं बंदरावर बोलत. मुंबईत पहिल्या दिवशी माझा टाका बघून मुकादमीण म्हणाली होती, "ही कुठल्या कारखान्यातून आली?" माझ्याआधी हमीदाने उत्तर दिलं, "आमच्या दर्यावरनं इली."

हमीदा खारेपाटणची. माझ्या आधी दोन वर्षं लागलेली. मला बोलता येत नसे आणि तिला गप्प बसता येत नसे, म्हणून आमचं जमलं.

विमानं बरीच यायची. पण आमच्या मनात एकच होतं, थोरली. कंपनीच्या ताफ्यात ती सगळ्यांत जुनी. मधे चालायची वाट, दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या, पंखांखाली पडवळासारखी लांबट इंजिनं. तिच्या खुर्च्यांच्या हातांत अजून राखेच्या डब्या होत्या. विमानात विड्या-सिगारेट बंद होऊन जमाना झाला तरी डब्या तशाच. एकदा एक तरुण वैमानिक आत उभा राहून म्हणाला, "ही पहिल्यांदा उडाली तेव्हा माझा जन्म व्हायचा होता." त्याला वाटलं आम्ही हसू. मला राग आला. विमानाचं वय वर्षांत मोजत नाहीत, किती वेळा उडालं आणि उतरलं त्यावर मोजतात. दर काही वर्षांनी तिला आतून पूर्ण सोलायचे. खुर्च्या आमच्याकडे, जाजम आमच्याकडे, पडदे आमच्याकडे. मागे राहायच्या नुसत्या बरगड्या, किनाऱ्यावर उलट्या टाकलेल्या होडीसारख्या. मग एकेक पत्रा, एकेक रिबीट तपासून पुन्हा जोडायचे आणि आम्ही तिला पुन्हा कपडे घालायचो. थोरलीचं हे मी चार वेळा पाहिलं. नव्या विमानांपेक्षा तिची काळजी जास्त घेतलेली असे, हे लोकांना सांगूनही पटत नाही.

खुर्च्यांवरून माणसं कळतात. खिडकीकडची भिंत डोकं टेकून तेलकट होते. मधल्या खुर्चीचे हात सर्वांत लवकर झिजतात, कारण दोघांचे कोपर भांडतात. काही खुर्च्यांच्या हातांखाली नखांच्या चंद्रकोरी असायच्या. कुणीतरी भिऊन घट्ट धरलेलं. कव्हर काढलं की सापडणाऱ्या वस्तूंची यादीच व्हायची. कानातलं, जपमाळ, बाळाचा वाळा, एकदा पूर्ण कवळी. कवळीचा मालक तीन दिवसांनी आला, तोंडावर रुमाल धरून. त्याने ती आमच्यासमोरच पुसून लावली आणि पहिलं वाक्य बोलला ते, "एवढा उशीर?"

आता सुई.

त्या सकाळी थोरली दहा वाजता सुटायची होती. बाविसाव्या रांगेत उजव्या खिडकीची खुर्ची शिवणीवर फाटलेली. खुर्ची काढायला वेळ नव्हता, म्हणून जागेवरच शिवायचं ठरलं. जागेवर शिवायला वाकडी सुई लागते, चंद्रकोरीसारखी. सरळ सुई गादीत शिरली की परत बाहेर यायला जागा नसते. वाकड्या सुईवर माझा हात चांगला, म्हणून मी आणि हमीदा गेलो.

शिवण जवळजवळ झाली होती. हमीदा पुढच्या रांगेत पडदा लावत होती, तिने हाक मारली, "सुमन, हय धर गो जरा." मी दोरा कापला, सुई नेढ्यातल्या तुकड्यासकट खुर्चीच्या कडेला, खिडकीच्या बाजूला टोचून ठेवली आणि गेले. माझ्या मनगटावर सुई टोचायची नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी होती. सुई तिथेच टोचायची, दुसरीकडे कुठेही नाही, हा पहिल्या दिवसाचा धडा. पण वडील टोपीला सुई टोचत, आई खांद्यावरच्या पदराला टोचे. हात कापडाकडे गेला. परत आले तर सुई नाही.

दोघींनी शोधलं. खुर्चीखाली, फटीत, जाजमावर, आमच्या अंगावर. नाही.

खाली विमानतपासनीस लोबोसाहेब उभे होते. विमानाचं काम झालं की त्यांच्या सहीशिवाय ते सुटत नसे. उंच, कमी बोलणारे, गोव्याकडचे. हमीदा माझ्या कानाशी आली.

"माझ्या डब्यात एक जुनी वाकडी सुई आसा. ती फळीर लाव. कोणाक कळतला?"

"आणि ही?"

"ही पडली आसतली खंय तरी जाजमात. आज नाय तर उद्या झाडूवाल्याक गावतली."

"कोणाच्या पायात गेली तर?"

"आणि तुझी नोकरी गेली तर? पोरगी कशी शिकवतलंस?"

मी तिच्यावर रागावले नाही, आजही नाही. ती माझ्यासाठीच बोलत होती. माझ्या मुलीची त्या वर्षी दहावी. ह्यांचा टेम्पो बंद पडून दारात उभा. पण ती सुई मी माझ्या हाताने टोचलेली. कुठल्या जागी टोचली तेही डोळ्यांसमोर दिसत होतं. जिना उतरले आणि साहेबांसमोर उभी राहिले. मी नुसती मनगटावरची रिकामी पट्टी पुढे केली.

लोबोसाहेबांनी पट्टीकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"कोणती?"

"वाकडी. लहान."

"खात्री आहे? वर नेलीच होती?"

"बावीसच्या उजव्या खुर्चीला टोचली होती, साहेब."

त्यांनी फोन उचलला आणि विमान थांबवलं.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. चार मेकॅनिक आले. एकवीस, बावीस, तेवीस ह्या तीन रांगांच्या खुर्च्या काढल्या. खिडकीकडच्या भिंतीचे पत्रे उघडले. काठीला लोहचुंबक बांधून फटीफटीतून फिरवला. चुंबकाला केसांच्या पिना लागल्या, ओंजळभर. एक गंजलेली किल्ली लागली. सुई लागली नाही. प्रवाशांना दुसऱ्या विमानात बसवलं, तेही दुपारी. मी शिडीपाशी उभी होते. लोकांची रांग समोरून गेली. एक बाई लेकराला कडेवर घेऊन माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालंय हो विमानाला?"

संध्याकाळी लोबोसाहेबांनी त्या तीन रांगांना दुसऱ्या खुर्च्या बसवून घेतल्या, वहीत लिहिलं, 'सुई सापडली नाही, शोध पूर्ण', आणि खाली सही केली. सही करताना त्यांनी बराच वेळ घेतला.

शेट धावत आले होते. "एका सुईसाठी! अरे, दोन रुपयांच्या सुईसाठी लाखांचं नुकसान!" मग माझ्याकडे वळून, "तू सुई वर नेलीच नव्हतीस. खात्यातच कुठेतरी पाडलीस आणि इथे येऊन नाटक केलंस." कंपनीने त्यांना दंड लावला. त्यांनी तो माझ्यावर वळवला. सहा महिने पगारातून तीनशे कापले. नोकरी गेली नाही, कारण वाकड्या सुईचं काम करणारं दुसरं कोणी नव्हतं.

खात्यातल्या बायकांनी मला नाव ठेवलं, सुईसुमन. सकाळी वाडग्यात पिना टाकताना कोणीतरी म्हणायचंच, "काय गो, आज खयचा विमान थांबवतलंस?" मी हसायची. फळीवरची त्या सुईची काळी आकृती रिकामीच राहिली. नवी सुई आली ती लोबोसाहेबांनी दुसऱ्या जागी लावायला लावली. म्हणजे रोज येता-जाता ती रिकामी चंद्रकोर मला दिसायची. हळूहळू माझंच मन डळमळलं. नेली होती ना मी? टोचली होती ना? की शेट म्हणतात तेच खरं? ह्यांना मी पगार कमी का येतो ते तीन महिने सांगितलं नाही. त्याचा मला आजही पस्तावा आहे. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सांगितलं असतंस तर मी विडी तरी सोडली असती."

थोरली आली की काही ना काही निमित्त काढून मी आत जायची आणि बाविसाव्या रांगेत हात घालून बघायची. तिसऱ्या वर्षी तर तिच्यातून उडायचीच वेळ आली.

झालं असं की प्रवासात जेवणाची गाडी उलटली आणि नवव्या-दहाव्या रांगेवर सांबार सांडलं. मुंबईत थांबायला वेळ नाही, गोव्याला तीन तास मुक्काम, तर कव्हरं तिथे बदलायची. शेटनी दुसरीचं नाव दिलं. लोबोसाहेब म्हणाले, "मला सुमन पाहिजे."

"साहेब, तीच ती. सुईवाली."

"म्हणूनच. सुई हरवल्यावर सांगते तिलाच पाठवा."

सुया आणि कात्री मेकॅनिकच्या पेटीत, मोजून, कुलपात. मी हातात कव्हरांचं गाठोडं घेऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा, प्रवासी म्हणून. मागे जागा रिकामी होती ती नेमकी बावीसमध्ये. मधली खुर्ची. खिडकीशी आमच्याकडच्या कसालचे एक काका बसले होते, पांढरा सदरा, मांडीवर पिशवी. मुंबईच्या मुलाने तिकीट काढून दिलेलं, तेही पहिल्यांदाच उडत होते. मी गावाकडची हे त्यांनी दोन वाक्यांत ओळखलं आणि मालवणीत सुरू झाले.

"ह्या विमान म्हणा नको. आमच्या एष्टीची सीट बरी. ह्या बघ, राखेची डबी! म्हणजे कितक्या जुना आसतला इचार कर. झिलान माका मारूचो बेत केल्यान काय?"

मला राहवलं नाही. "काका, सीटला काय झालंय?"

"टोचता."

"टोचता? खंय?"

मी इतक्या जोरात विचारलं की पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून बघितलं. काका घाबरले. "पाठीक गो. म्हातारपण. तुका काय झाला?"

एवढ्यात थोरली धावू लागली. मागे बसल्यावर आवाज किती असतो ते मला ठाऊक नव्हतं. वरचे कप्पे खडखडत होते, खिडकीची चौकट थरथरत होती. मग खालचा आवाज एकदम थांबला आणि मी गाठोडं घट्ट धरलं. समोर मीच शिवलेला पडदा होता, निळा. तो सगळाच्या सगळा मागे झुकला, जशी शिडं वाऱ्याला झुकतात, आणि त्याची खालची दुमड सरळ, एका रेषेत. मला वडिलांची आठवण झाली. त्यांचं कापड पाण्यावर चाललं, माझं इथे चाललं होतं. भीती गेली. मी ताठ बसले. वाटलं, ह्या सगळ्या माणसांना मी पाठ टेकायला दिली आहे.

वर गेल्यावर मात्र माझा हात आपोआप खुर्चीच्या फटीत गेला. काकांनी पाहिलं.

"काय सांडला गो?"

"सुई."

"आता?"

"तीन वर्षां झाली."

काकांनी माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं, चपला काढल्या आणि पाय वर घेऊन मांडी घालून बसले. गोवा येईपर्यंत त्यांनी पाय खाली टेकले नाहीत. हवाईसुंदरीने दोनदा सांगितलं, "पाय खाली घ्या." त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "हिका इचारा."

उतरायच्या आधी त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. खाली किनारा दिसत होता, खाड्यांची तोंडं, वाळूची पांढरी कड. "ती देवगडची खाडी असतली," ते म्हणाले. मला नक्की ओळखता आलं नाही, पण मी हो म्हटलं. ते खुशीत होते. उतरल्यावर त्यांनी खुर्चीवर एकदा हात फिरवला. "बरा इला," म्हणाले. विमानाला म्हणाले की मला, कोण जाणे.

गोव्याला मी दीड तासात सहा कव्हरं बदलली. सुया मोजल्या, दोनदा. त्या सहा खुर्च्यांत परत येताना एक लग्नाचं वऱ्हाड बसलं. कोणालाही काही कळलं नाही. आमचं काम चांगलं झालं की कोणाला कळत नाही.

पुढच्या वर्षी बातमी आली, थोरली आता माणसं नेणार नाही. तिच्या कुशीत मोठा दरवाजा कापून तिला मालवाहू करायचं ठरलं. म्हणजे मोडीत नाही, अजून काही वर्षं उडणार. पण कपडे नकोत. शेवटची कव्हरं आम्हीच उतरवली. मी बाविसावी रांग स्वतः केली. फटी पुन्हा बघितल्या. काही नव्हतं. मी मनाशी म्हटलं, संपलं, आता शेट म्हणतात तेच खरं धरायचं.

चार दिवसांनी, दुपारच्या चहाच्या वेळी, लोबोसाहेब शिवणखात्याच्या दारात आले. ते कधी येत नसत. बायका उभ्या राहिल्या. त्यांनी दाराशी थांबून खिशातलं पेन वाडग्यात ठेवलं, नियम म्हणून, आणि आत आले. हातात पुठ्ठ्याचा तुकडा. ते सरळ फळीपाशी गेले आणि पुठ्ठा त्या रिकाम्या काळ्या आकृतीवर धरला.

पुठ्ठ्याला वाकडी सुई चिकटवलेली होती. आकृतीवर बरोबर बसली. नेढ्यात निळ्या दोऱ्याचा बोटभर तुकडा होता, आमच्याच दोऱ्याचा.

"चोविसाव्या रांगेच्या भिंतीमागे," ते म्हणाले. "आता सगळं सोललं तेव्हा मिळाली. त्या वेळी आम्ही तेविसपर्यंतच उघडलं होतं. ती खिडकीकडच्या फटीतून आत पडली, घसरून मागे गेली, विजेच्या तारांच्या जुडग्यावर बसली. एका तारेवरचं वेष्टण घासून तांबं दिसायला लागलं होतं."

मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "चूक तुझी होती. टोचायला नको होती तिथे. पण तू सांगितलंस. मी दोन रांगा आणखी उघडायला पाहिजे होत्या, आणि सही मी केली." एवढं बोलून त्यांनी वाडग्यातलं पेन उचललं आणि गेले.

हमीदा माझ्या शेजारी बसली आणि ढसाढसा रडायला लागली. तिची ती जुनी सुई तिने त्याच संध्याकाळी, घरी जाताना, खाडीच्या पुलावरून पाण्यात टाकली. मला नंतर सांगितलं.

लोबोसाहेबांनी कंपनीला लिहिलं आणि कंपनीने शेटचा दंड परत केला. शेटनी माझा परत केला नाही. "कागद वर गेलाय," म्हणत. पावसाळा गेला, दिवाळी गेली. थोरलीचा दरवाजा कापून झाला, ती माल घेऊन उडायला लागली. चैत्रात एकदा मी तिच्या पोटात आंब्याच्या पेट्या चढताना पाहिल्या, आखातात जाणाऱ्या. पेट्यांवर देवगड लिहिलेलं होतं. जिथे मी खुर्च्या शिवल्या तिथे आमच्या गावचा हापूस बसून चालला होता. मला इतका अभिमान वाटला की मी दोन बायकांना बोलावून दाखवलं. माझे पैसे मात्र आले नव्हते.

"तुझ्या तोंडात काय गूळ धरलेलो आसा?" हमीदा म्हणाली. "शेट तुझे पैसे खाता आणि तू आंबे बघतंस! चल माझ्याबरोबर."

"तू बाहेर उभी रव," मी म्हटलं. "मी बोलतंय."

शेटच्या खोलीत पंखा जोरात फिरत होता. मी टेबलासमोर उभी राहिले. त्यांनी मान वर केली नाही.

"काय?"

"माझे पैसे."

"अगं, देतोय ना. हे घे हजार, बाकीचे पुढच्या महिन्यात."

"पुरे द्या, शेट."

त्यांनी मान वर केली. मला वाटतं, इतक्या वर्षांत माझा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला. दाराबाहेरून हमीदा मोठ्याने खाकरली. शेटनी खण उघडला, नोटा मोजल्या, अठराशे. मग वही पुढे ढकलली. "इथे सही कर. मिळाले म्हणून."

मी वहीत बघितलं. माझं नाव, रक्कम, पुढे जागा मोकळी.

"कशाचे ते लिहा," मी म्हटलं.

"कशाला? तुला माहीत आहे, मला माहीत आहे."

"लिहा, शेट. मग सही करते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेन उचललं आणि लिहिलं, 'विमानात हरवलेली सुई विमानातच सापडली, म्हणून कापलेले पैसे परत.' मी ते वाचलं. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून ते तेवढा वेळ थांबले. मग मी सही केली आणि तिथेच उभी राहून पैसे मोजले. पुरे होते.